चार बोटं उघडणारी पेटी

शनिवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एका माणसाने मला लाथ मारली आणि समाधानाने मान डोलावली. माझं आयुष्य खरं तिथून सुरू झालं. त्याआधी मी कारखान्यात नुसता पत्रा होते. मग मला वाकवलं, वेल्डिंगचे चटके दिले, काळा चकचकीत रंग लावला आणि दुकानात आणून बसवलं. पण एवढं तर सगळ्याच पेट्यांच्या वाट्याला येतं. मी पिकअपच्या हौद्यात बसवायची हत्यारांची पेटी बोलतेय. तुम्ही आम्हाला रस्त्याने जाताना पाहिलं असेल, ड्रायव्हरच्या पाठीशी हौद्यात ऐसपैस बसलेल्या.

लाथ मारणारे होते भाऊजी. मला विकत घेणारा होता त्यांचा मेहुणा. तो नळ जोडायची कामं करायचा, म्हणून सगळे त्याला फिटर म्हणत. भाऊजींकडे स्वतःची फक्त सायकल होती, पण गाड्यांमधलं त्यांना सगळं कळायचं. अशी माणसं प्रत्येक दुकानात येतात. पेटीवर टिचक्या मारून कान लावतात, जणू आतून कुणी ओ देणार आहे. भाऊजींनी तर माझ्यावर चढून दोन उड्या मारल्या आणि खाली उतरून म्हणाले, "यावर हत्ती उभा कर, काही होणार नाही."

फिटरला हत्ती ठेवायचाच नव्हता. त्याला पाने, करवत, ड्रिल मशीन आणि दोन हातोड्या ठेवायच्या होत्या. पण दुकानातल्या थंड हवेत त्याला ते आठवलं नाही. दुकानदाराने पत्रा किती जाड ते तीनदा सांगितलं, कुलपाची गॅरंटी सांगितली, झाकणाच्या रबरी पट्टीवर बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं. झाकण पूर्ण उघडूनही दाखवलं. मी असा काही जबडा वासला की भाऊजी आत डोकावून माझी तारीफ करायला लागले, आणि ती घुमून दुप्पट मोठी ऐकू आली. माझीही मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

मी का हवी होते, ते मला वाटेत कळलं. गाडीची मागची काच उघडी होती आणि दोघं मोठ्याने बोलत होते. फिटरला एक मुलगी होती, पाच वर्षांची. घरात सगळे तिला बबडी म्हणत. फिटर रोज कामावर जाताना तिला पुढच्या सीटवर बसवून शाळेत सोडायचा आणि हत्यारं सीटमागच्या फळीवर पडलेली असायची. महिन्यापूर्वी एकदा जोरात ब्रेक लागला आणि छिन्नी उडून बबडीच्या दप्तरावर आली. दप्तरातला डबा चेपला. तो डबा हातात घेऊन तिची आई बराच वेळ बसून राहिली होती म्हणे. तेव्हापासून पोरगी शाळेत पोचल्याचा फोन येईपर्यंत तिचं कशात लक्ष लागत नव्हतं. तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं होतं, की गाडीत पुढे एक तर हत्यारं बसतील नाही तर लेकरू बसेल. आणि जाल तेव्हा माप घेऊन जा.

माप त्याने घेतलं होतं, अगदी नीट. हौद्याची लांबी, रुंदी, आणि पाइप ठेवायला वर जे लोखंडी कॅरिअर ठोकलेलं होतं तिथपर्यंतची उंची. त्याचं माप चुकत नाही अशी त्याची गावभर ख्याती. मी हौद्यात बसले तेव्हा माझ्या डोक्यावर कॅरिअरपर्यंत बरोबर चार बोटं जागा उरली. भाऊजी म्हणाले, अंगावर शिवल्यासारखी बसली. लगेच खाली सहा भोकं पाडून मला बोल्टांनी आवळूनही टाकलं.

मग फिटरने मोठ्या ऐटीत झाकण उघडलं. ते चार बोटं वर गेलं आणि कॅरिअरला टण्णकन आपटलं.

दोघांनी माझं माप घेतलं होतं, पण तोंड मिटलेलं असतानाचं. पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने घास घ्यायला तोंड उघडलं की वरून छत लागावं, तसं झालं. फिटर झाकणाकडे आणि कॅरिअरकडे आळीपाळीने बघत राहिला. भाऊजी मात्र गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले की चार बोटं पुष्कळ झाली, हात जातो की आरामात. आणि त्यांनी हात घातला. हात गेला. पाना धरलेली मूठ बाहेर येते का ते बघायला फिटरने फटीतून एक छोटा पाना आत टाकला. भाऊजींनी तो पकडला आणि तिथेच अडकले. पाना सोडा म्हटलं तर सोडेनात, कारण सोडला तर हार झाली असती. शेवटी साबणाचं पाणी आणावं लागलं.

मला परत द्यावं तर बुडाला सहा भोकं. मागे सरकवावं तर कॅरिअर हौद्याच्या शेवटपर्यंत गेलेलं. ते कापून उंच करता आलं असतं, एका दिवसाचं काम. पण तोवर शेजारीपाजारी जमले होते, माझ्यावर टिचक्या मारून झाल्या होत्या, आणि फिटर सगळ्यांना सांगून बसला होता की अशी पेटी आसपास कुणाकडे नाही. आता कुठल्या तोंडाने म्हणणार की ती उघडत नाही?

बायकोने विचारलं, ठेवली का हत्यारं? तो म्हणाला, ठेवली. आणि हत्यारं परत सीटमागच्या फळीवर गेली. फरक एवढाच की आता त्यांच्यावर एक जुनी चादर आली.

माझ्यावर दोन कुलपं लावली होती. त्या कुलपांच्या आत काय होतं सांगू? कुलपांच्याच गॅरंटीचं कार्ड, थोडा पॉलिश कागद आणि तो छोटा पाना. ऊन खाल्लं, पाऊस खाल्ला, पण आत थेंब गेला नाही. गॅरंटीचं कार्ड कसं कोरडं ठणठणीत! फिटर रोज सकाळी मला फडक्याने पुसायचा. बायको दारातून बघायची आणि तिला बरं वाटायचं. तिच्या त्या निश्चिंत चेहऱ्याकडे बघून मला माझ्या चमकण्याची लाज वाटायला लागली. एकदा ती स्वतः गाडीत बसली असताना वळणावर मागून खणखण आवाज आला. तिने विचारलं, काय वाजतंय? तो म्हणाला, पेटी. मी रिकामी, मुकी, हूं की चूं नाही, आणि आवाज माझ्या नावावर.

असे दोन महिने गेले. मग एका सकाळी शाळेच्या अलीकडे एक सायकलवाला गल्लीतून अचानक पुढे आला. फिटरने ब्रेक दाबला. चादरीखालून मोठा पाइप पाना सुटला, पुढे आला आणि समोरची काच फोडून तिथेच अडकला. बबडी त्या वेळी सुटलेला बुटाचा बंद धरायला खाली वाकली होती. एवढंच. मी मागच्या काचेतून सगळं बघत होते. फिटर तिचं डोकं चाचपून बघत होता, आणि बबडी मान वर करून विचारत होती, की हा पाना इथे कसा आला?

दगड लागला म्हणून सांगायचं, असं त्याने मनात ठरवलं असणार. पण बबडीने घरी पाऊल ठेवता ठेवता सांगितलं, "आई, आपल्या गाडीत पाना उडतो."

आई बाहेर आली. फुटलेली काच बघितली. माझ्याजवळ येऊन तिने किल्ली मागितली, दोन्ही कुलपं काढली आणि झाकण उचललं. टण्ण. तिने पुन्हा उचललं. पुन्हा टण्ण. मग फटीतून हात घालून तिने गॅरंटीचं कार्ड बाहेर काढलं आणि दोन्ही बाजूंनी वाचलं.

"पत्रा किती जाड आहे, ते तुम्ही येईल त्याला सांगता," ती म्हणाली. "बबडीच्या कपाळाचं हाड किती जाड असतं, ते कधी कुणाला विचारलंत का?"

फिटर सीटवरचे काचेचे तुकडे वेचायला लागला. उत्तर भाऊजींना सुचलं. ते संध्याकाळी आले आणि म्हणाले, पेटीत दोष नाही, कॅरिअरच खाली आहे.

दुसऱ्या दिवशी माझे बोल्ट काढून मला हौद्यात मागच्या टोकाला सरकवलं, आणि बाई गाडी घेऊन, म्हणजे नवऱ्याला गाडी चालवायला लावून, स्वतः दुकानात गेली. तिने पेटी दुकानात बघितलीच नाही. हौद्यात ठेवायला लावली आणि मग उघडायला सांगितली. दुकानदार पत्र्याकडे वळला की ती म्हणायची, आधी दार. चार पेट्या चढवल्या, चार उतरवल्या. पाचवी घेतली, बाजूला दार असलेली, मातकट रंगाची, दिसायला अगदी सुमार. तो मोठा पाना तिने स्वतःच्या हाताने दहा वेळा आत ठेवला आणि बाहेर काढला. दुकानदार कंटाळला, फिटर संकोचला, ती काही हलली नाही. मग घरी येऊन सीटमागची फळी रिकामी केली, हात फिरवून बघितली, आणि तेव्हा कुठे बबडीला पुढे बसवलं.

मी आता घरामागच्या अंगणात असते. बबडीच्या खेळायची वाळू माझ्यात भरली आहे. झाकण पोरीच्या बोटांवर पडेल म्हणून आईने ते वेल्डरकडून कापून घेतलं. हत्ती पेलणारी मी, आता दोन बाहुल्या आणि एक चमचा पेलते. फिटर मला बघून मान फिरवतो. पण कुणी पेटी घ्यायला निघालं की त्याला बोलावून सांगतो, "घेताना झाकण उघडून बघ, मी तेव्हाच म्हणालो होतो." भाऊजीही सोबत जातात आणि लाथ मारतात.

मला काही नको. माझ्यासाठी हळहळू नका. पेटी कुठली घ्यायची ते सावकाश ठरवा, पण तुमच्या गाडीत पुढे लेकरू बसत असेल तर आज उठून सीटच्या मागे हात घालून बघा. चादर असली तर चादरीखालीही बघा. आणि तुमच्या ओळखीत ज्याच्या घरी पिकअप आहे, त्याच्या बायकोला एवढं नक्की कळवा. त्याला सांगू नका, तिला सांगा.