आबेदाबींच्या दंडातली प्लेट

मी आबेदाबींच्या उजव्या दंडातून बोलतेय. हाड जोडायची प्लेट आहे मी, बोटभर रुंद, टायटेनियमची, आठ स्क्रूंनी घट्ट बसवलेली. आणि माझं डोकं फिरलंय.

आबेदाबींचं शहागंजात बांगड्यांचं दुकान. नवरीच्या चुड्याचे डबे सगळ्यात वरच्या फळीवर. तेच काढताना त्या स्टुलावरून पडल्या. खांद्याजवळ हाड मोडलं, तुकडे जागचे सरकले. डॉक्टरांनी ते जुळवले आणि मला बसवलं. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी एकच विचारलं, "दुकानात कधी बसू?"

डॉक्टर म्हणाले, उद्यापासून हात लोंबता सोडून हळूहळू झुलवायचा, मग दर आठवड्याला थोडा वर. मी खूश. त्यासाठीच तर मला घडवलं!

पण घरी आलो अन् घरच्यांची माया आडवी आली. मुलगा जुनेद टेलर. त्यानं अम्मीसाठी कापूस भरलेली झोळी शिवली, तीन बकलांची. हात असा जखडला की बोटं तेवढी हलायची. तब्येत विचारायला येणारा प्रत्येकजण चहा पिऊन बजावून जायचा, हात हलवू नका, प्लेट सरकंल. पाचोडहून आलेल्या जुनेदच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, तर कुणाची तरी प्लेट मोडल्याचीच गोष्ट सांगितली. अरे, मी काय पापड आहे? व्यायामाचा कागद औषधांच्या पिशवीतच राहिला. टाके काढताना डॉक्टरांनी विचारलं, व्यायाम चालूय ना? जुनेदनं बिनदिक्कत मान डोलावली.

तीन महिन्यांनी झोळी सुटली. हाड झकास जुळलेलं, अन् खांदा गंजल्या कुलपासारखा. हात छातीच्या वर जाईना. आबेदाबी रडल्या. माझा नुसता जळफळाट झाला.

त्यावर जुनेदनं काय करावं? वरची फळी उपटली अन् कमरेइतकी खाली ठोकली! म्हणाला, "आता हात वर न्यायची गरजच नाय, अम्मी."

आबेदाबींनी हातोडा उचलून परत त्याच्या हातात दिला.

"नक्को बेटा," त्या म्हणाल्या. "फळी होती तिथंच ठोक."

आता त्या रोज फिजिओथेरपीच्या रत्नमाला मॅडमकडं जातात. लई दुखतं. ओठ दाबून धरतात, पण हात थांबवत नाहीत.

तेव्हा लोकहो, घरी याल तेव्हा प्लेट कशी आहे म्हणून विचारू नका. मी ठणठणीत आहे. हात कुठवर गेला ते विचारा. आज कानापर्यंत गेला. फळी अजून दीड वीत वर आहे, आणि तिच्यावरच्या डब्यांना आबेदाबींनी कुणाला हात लावू दिलेला नाही.