रूपाचा होकार

सन २०२४ च्या सप्टेंबर महिन्यातील तिसऱ्या मंगळवारी, सकाळी दहाच्या सुमारास, छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल भागातील एका पत्र्याच्या घरात आठ वर्षांच्या रूपाला पाटावर बसवून तिच्या कपाळी मळवट भरण्यात आला. उन्हाळ्यापासून तिच्या हातून भाकरी निसटत होती. येणारी अक्षरे ती विसरली होती. आणि आता तिची मान झटक्यासरशी खाली जाऊन पुन्हा वर येई. पोरीच्या अंगात देवी येते, असा निर्वाळा तिची आजी साळूबाई हिने दिला. मान होकारार्थीच हलत असल्यामुळे शंका घेण्यात कोणाला रस नव्हता. शेजारणी प्रश्न घेऊन येऊ लागल्या.

"माय, लेकाला कंपनीत घेतील का गं?" दगडाबाईने विचारले.

मान हलली.

"घेतील की! पण आधी सकाळी उठायला सांग त्याला," मागून कोणी म्हणाले, आणि बाया हसल्या. रूपा हसली नाही. तिची नजर कोणाच्याही चेहऱ्यावर ठरत नव्हती.

रूपाची आई मंजुषा चुलीजवळ उभी राहून आकडे मोजत होती. एका होकारापासून दुसऱ्यापर्यंत आठ. कोणी बोलो वा न बोलो, आठच. ती पुढे येऊन पाटासमोर बसली.

"माझी पोर बरी होईल?"

मान हलली. बायांनी हात जोडले.

"माझी पोर मरेल?"

"जीभ झडो तुझी!" साळूबाई ओरडली.

मंजुषाचे ओठ हलत होते: पाच, सहा, सात.

मान हलली.

मंजुषाने पदराने तो मळवट पुसला आणि रूपाला उचलून रिक्षात घातले. साळूबाई न बोलावताच शेजारी येऊन बसली.

रुग्णालयात मेंदूच्या डॉक्टर सुकेशनी यांनी रूपाच्या डोक्याला तारा लावल्या. पडद्यावरच्या रेषा मंदपणे सरकत, आणि ठरल्या क्षणी साऱ्या एकदम उसळत. रेषा उसळल्या की मान हले. पाठीच्या मणक्यातील पाणीही तपासायला गेले. चौथ्या दिवशी त्यांनी दोघींना समोर बसवले.

"ही तान्ही असताना गोवर झाला होता?"

मंजुषाने सासूकडे पाहिले.

"आमच्यात नाव घेत नायत, डॉक्टरीणबाई," साळूबाई म्हणाली. "देवीच्या बाया अंगावर आल्या व्हत्या. सात महिन्यांची व्हती पोर. खुलताबादच्या डोंगराकडं मेंढरं घेऊन उतरलो व्हतो. नऊ दिवस फोडणी दिली नाय, लिंब बांधला, दहीभाताचा निवद दाखवून नीट पाठवलं. पुढं सुई टोचायला बाई आली, तिला बी सांगितलं नाय. तीच देवी माघारी आली नव्हं?"

"आत्याबाई, गप बसा," मंजुषा म्हणाली. "मला एवढंच सांगा, मॅडम. पोर बरी होईल का?"

डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला.

"माघारी आलेलं काही नाही. गोवराचा विषाणू तेव्हापासून तिच्या मेंदूतच होता. लसीचं वय होण्याआधीच तिला गोवर झाला, यात तुम्हा दोघींचा दोष नाही. औषधानं आजाराचा वेग कदाचित कमी होईल. रूपा बरी होणार नाही."