ममताच्या लग्नाची पत्रिका

पत्रिकेच्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट ओढून ईश्वरने ती भाईदासच्या हातात दिली, वर चार अक्षता ठेवल्या आणि स्टुडिओतल्या लाल स्टुलावर बसला. पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाईक बसतं ते स्टूल. ईश्वरला बसायला वेगळी खुर्ची होती, पण आज तो स्टुलावरच बसला.

"देवले ठेवी, मंग सरळ तुन्हाकडेच ऊनू," तो म्हणाला.

भाईदास हसला. "अरे, मले काब्र पत्रिका? टाइम सांग फक्त. हळद दुपारनीच ना?"

"हळदले बी ये. वहिनीले बी लई ये. दोन्ही दिन आम्हनाकडेच जेवा."

"जेवसू रे. पन लाइट लावाले सकायलेच येवा लागी ना."

"लाइट त्या लावतीन," ईश्वर म्हणाला आणि स्टुलावर उगाच थोडा फिरला.

"कोन त्या?"

"सुरतना पोऱ्या शेत. टीम शे पुरी. ड्रोन बिन सगळं. याहीसनं म्हननं पडनं भाऊ. पोरना बाप शे मी. मन्हं काय चालस?"

भाईदासने पत्रिकेवरच्या अक्षता बोटाने एका बाजूला केल्या. रनाळ्यात आणि आसपासच्या गावांत त्याने आयुष्यभर लग्नंच काढली होती. कुठल्या घरात नवरदेव रुसला, कुठल्या मांडवात भात कमी पडला, सगळं त्याला तोंडपाठ. पण या इतक्या वर्षांत लग्नाची पत्रिका म्हणून त्याला कधी कोणी दिली नव्हती. फोटोवाल्याला पत्रिका कशाला? तो येणारच असतो. आचाऱ्याला आणि बँडवाल्याला कोणी अक्षता देतं का? पत्रिका पाहुण्याला देतात. आपल्या लहानपणच्या मित्राने आपल्याला पाहुणा करून टाकलं, हे त्याला त्या चार अक्षतांनी सांगितलं.

"बरं," तो म्हणाला.

ईश्वर लगेच उठला. आणखी बरीच घरं करायची होती. दारातून वळून म्हणाला, "वाईट नको लई लेऊ हां," आणि गेला. वाईट देऊन झाल्यावर ते घेऊ नको म्हणायला लोकांचं काय जातं?

खरं तर हे सगळं सुरू केलं होतं ईश्वरनेच. मागच्या दिवाळीत तो याच स्टुडिओत मोबाइल घेऊन बसला होता. कुठल्याशा लग्नाचा व्हिडिओ होता. नवरी स्पष्ट आणि तिच्या मागचा मांडव लोण्यासारखा विरघळलेला.

"हाऊ देख. फुल फ्रेम शे. तुन्हा क्रॉपवर असं येस का? ममतानं लगीन तू क्रॉपवर काढशी का?"

भाईदासचा जुना कॅमेरा क्रॉप होता, म्हणजे आतली चिप छोटी. धंद्यातल्या सगळ्यांनी सुरुवात त्याच्यावरच केलेली असते आणि बहुतेकांची अखेरही त्याच्यावरच होते. प्रमिलाबाईंना, म्हणजे बायकोला, त्याने समजावून सांगितलं होतं: जुना कॅमेरा म्हणजे दाराची एक झडप लावून बाहेर बघणं. लेन्स तीच, उभं राहायची जागा तीच, पण कडेची माणसं कापली जातात. फुल फ्रेम म्हणजे दोन्ही झडपा उघड्या. शिवाय मांडवात उजेड कमी असला तरी फोटो खरखरीत येत नाही.

"कडेना माणसं येवानी काय गरज शे?" प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या. "नवरा-नवरी ते मधमाच ऱ्हातस."

बाईंचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण भाईदासच्या डोक्यात ईश्वरची मुलगी ममता बसली होती. ममताचं बारसं त्याने काढलं होतं, तेव्हा कॅमेऱ्यात रीळ असायचं. तिचा शाळेचा पहिला दिवस, नंदुरबारच्या कॉलेजातलं गॅदरिंग, दहावी-बारावीचे फॉर्मवरचे फोटो, सगळे त्याचेच. त्याला स्वतःला मूल नव्हतं. हे तो कधी बोलून दाखवत नसे, पण ममताचं लग्न आपण काढायचं आणि आजवर काढलं नाही असं काढायचं, एवढी एक हौस त्याने जपून ठेवली होती. म्हैस विकली. जुना कॅमेरा मोलगीच्या वीरसिंगला दिला. तो बाजाराच्या दिवशी माणसांचे फोटो काढून देई. नवी फुल फ्रेम बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घेऊन भाईदास सुरतेहून परत आला तेव्हा प्रमिलाबाईंनी गोठ्याकडे पाहून म्हटलं, "आते सकायले कॅमेरानं दूध काढा आन चहा प्या."

साखरपुड्याला त्याने तो कॅमेरा पहिल्यांदा बाहेर काढला. ईश्वरच म्हणाला होता, "नवा शे, हात बसाडी ले. घरनंच काम शे." घरचंच काम म्हणजे फुकट, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. फोटो मात्र असे उतरले की भाईदास रात्री स्क्रीनसमोरून उठेना. अंगठी घालताना ममताने क्षणभर बापाकडे पाहिलं होतं, तो फोटो त्याने मोठा करून ईश्वरला फ्रेममध्ये दिला. ईश्वरचे डोळे भरून आले होते. तेव्हाचं ते पाणी खोटं होतं असं भाईदास आजही म्हणणार नाही. पण माणूस रडतो एकासाठी आणि वागतो दुसऱ्यासाठी, त्याला कोण काय करणार.

"जाऊ नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "घरनं झायं थोडं आन याहीनं धाडं घोडं. त्यासना याहीना हट्ट, आन म्हैस गई आपली."

"पोरना बाप शे तो. याहीसनी अट व्हती ते काय करी?" भाईदास म्हणाला. त्याने ते मनापासून मानलं होतं. मुलीचा बाप सुरतेच्या लोकांपुढे नमला, त्याचं वाईट वाटलं तरी राग कसा धरायचा? म्हणून लग्नाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून तो मांडवात गेला. प्रमिलाबाई गेल्या नाहीत.

लग्नात हात मोकळे कसे ठेवायचे हे त्याला माहीतच नव्हतं. सारखा उजवा हात छातीशी जाई आणि तिथे पट्टा नसे. ओळखीची माणसं विचारत, "काय भाईदासभाऊ, आज सुट्टी का?" तो हसून हो म्हणे. वर ड्रोन घुमत होता, त्याच्या वाऱ्याने मांडवाच्या झालरी उडत होत्या आणि गावातली पोरं मंगलाष्टकं सोडून आभाळाकडे बघत होती.

जेवणाच्या पंगतीत नवरदेवाचे वडील, भूपेंद्रभाई, पाहुण्यांची विचारपूस करत फिरत होते. मूळचे धानोऱ्याकडचे, धंद्यासाठी सुरतेला गेलेले. भाईदासचं नाव कोणीतरी सांगताच ते थांबले आणि हात जोडून म्हणाले,

"तुम्हीच काढेल शेत ना साखरपुडाना फोटो? आम्हना घरमा सगळासले भलतात आवडनात. मन्ही बायको ते बोलनी, लगीनले बी हाऊच माणूस ठेवा. मी ईश्वरभाऊसले दोनदा सांगं."

भाईदासने घास पानात ठेवला.

"मंग?" त्याने विचारलं.

"मंग त्या बोलनात, तुम्हना डोयासनं ऑपरेशन झायं, आते बराबर दिसत नही, तुम्हीच नही बोलनात. वाईट वाटनं. फोटोवालाना डोया म्हंजे…" त्यांनी भाईदासच्या खांद्यावर हळूच हात ठेवला. "आते कसं शे? थोडं दिसस ना?"

"दिसस," भाईदास म्हणाला. "आते सगळं दिसस."

तो पानावरून उठला. केसाने गळा कापणं हे त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं, त्याची धार किती बारीक असते ते त्या दिवशी कळलं. काम दुसऱ्याला दिलं, ठीक. खोटं बोलला, तेही एक वेळ ठीक. पण डोळे? ज्यावर त्याचं घर चालतं, ज्याने याच माणसाची मुलगी पाळण्यापासून पाहिली, तेच डोळे ईश्वरने सोयऱ्यांत एका वाक्यात फोडून टाकले होते. उद्यापासून सुरतेपर्यंत कोण देणार होतं आंधळ्या फोटोवाल्याला काम?

ईश्वर त्याला आचाऱ्याच्या कनातीमागे सापडला. फेटा सैल झाला होता, घाम पुसत होता.

"मन्हा डोयासले काय व्हयनं रे?"

ईश्वरने आधी इकडेतिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणला. "आज नको काढू भाईदास. आज पोरनं लगीन शे."

"तू सांगं ना?"

"मंग काय सांगतू? याही हट्टले पेटेल व्हतात, तुलेच ठेवा म्हने. गावमा सगळास घर तुन्हाच फोटो शेत. शेजारना गोवालना लगीनमा तूच, सरपंचना घर तूच. मन्ही एकुलती एक पोर. तिना लगीनमा बी तेच का? लोकेसनी काय देखानं नवं?"

"मंग मले कॅमेरा काब्र लेवाले लावा?"

ईश्वरने फेट्याचं टोक कपाळावरून फिरवलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त खरं ते सांगून टाकलं.

"साखरपुडाले ते कामले ऊना ना."

भाईदासला त्याच्या कानफटात मारावीशी वाटली. हात उचललाही असता. तेवढ्यात कनातीपलीकडून कोणीतरी हाक मारली, "ईश्वरभाऊ, स्टेजवर चला, फॅमिली फोटो!" आणि ईश्वर फेटा नीट करत निघाला. दोन पावलांवर वळून म्हणाला, "तू बी चाल."

भाईदास जाणार नव्हता. तो मांडवाच्या दाराकडेच वळला होता. पण स्टेजवरून ममताने त्याला पाहिलं. डोक्यावर बाशिंग, गळ्यात हार, आणि तिने सगळ्यांसमोर लहानपणीसारखा हात हलवला.

"भाईदासकाका! काकाले लया रे कोनी. हात धरी लया, पायऱ्या शेत, त्यासले दिसत नही."

दोन जण धावत आले. एकाने डावा दंड धरला, एकाने उजवा. "हळू, काका. आठे पायरी शे. आजून एक." ज्या स्टेजवर तो कॅमेरा डोळ्याला लावून उलटा चालत चढायचा उतरायचा, त्याच्यावर त्याला धरून चढवलं. तो बोलू शकला असता. एक वाक्य पुरलं असतं. ममता पुढे झाली, वाकून पाया पडली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दुखतस का काका?"

"नही बेटा," तो म्हणाला. "काहीच नही."

त्या पोरीच्या तोंडावर त्या दिवशी तिच्या बापाची अब्रू काढायची, एवढं त्याच्याच्याने झालं नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजूला सरकला. सगळे ओळीत उभे राहू लागले. काका, आत्या, मामा. ईश्वर मधोमध. त्याने मान पुढे काढून भाईदासला हाक दिली, "आठे ये, मन्हापान." भाईदासने हातानेच "ऱ्हाऊ दे" म्हटलं आणि ओळीच्या टोकाशी, ईश्वरची बहीण धनुबाई होती, तिच्या शेजारी थांबला.

समोर सुरतचा पोरगा कॅमेरा घेऊन उभा होता. भाईदासने त्याच्या हाताकडे पाहिलं. ड्रोनवाल्या टीमच्या त्या पोराकडे क्रॉप बॉडी होती आणि तिच्यावर पन्नासची लेन्स, म्हणजे चौकट अरुंद. त्याच्या पाठीला पाहुण्यांच्या खुर्च्या लागल्या होत्या, मागे जायला जागा नव्हती. भाईदासचं अर्धं आयुष्य तशाच कॅमेऱ्यामागे, तशाच खुर्च्यांना पाठ लावून गेलं होतं. इथून ही चौकट कुठे संपणार हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. धनुबाईच्या खांद्यावरच्या पदरापाशी.

"अंकल, थोडा अंदर," पोरगा म्हणाला.

भाईदासने मान हलवली, अंगही हलवलं आणि पाऊल होतं तिथेच ठेवलं. मग, सगळे पुढे बघू लागल्यावर, तो आणखी थोडा बाहेर सरकला. सदरा नीट केला. हात दोन्ही बाजूंना सोडले. आजवर त्याने दुसऱ्यांना सांगितलं होतं तसा ताठ उभा राहिला आणि हसला.

पोराने बटण दाबलं, मागच्या पडद्यावर पाहिलं आणि अंगठा वर केला.

"सब आ गये," तो म्हणाला.