डोलीच्या नळ्या

"ह्या नळ्या कुठनं आणल्या, म्हंते मी?" शेणाची पाटी खाली ठेवत तानाबाईनं विचारलं.

"आजऱ्याच्या भंगारवाल्याकडनं. त्याला बी हितं बलवून दावू व्हय तुला?" गोठ्याच्या आढ्याला तार आवळत कृष्णात वरनंच खेकसला.

भादव्याचा पाऊस चार दिवस हटला नव्हता. गोठ्याचा वासा कुजून म्हशीच्या पाठीवर यायला लागलेला. तानाबाईनं पाटी पुन्हा उचलली. नवऱ्याचं तोंड म्हणजे तापला तवा. पाणी शिंपडावं तर वाफ आपल्याच अंगावर.

नळ्या भंगारातल्या नव्हत्या. येळवणीचा धनगरवाडा डोंगराच्या माथ्यावर, आणि गाडीरस्ता खाली दोन तासांच्या पायवाटेवर. अडलेली बाई असो, तापानं फणफणलेलं पोर असो, घोंगड्यात घालूनच खाली न्यायचं. म्हणून बायकापोरांसाठी काम करणाऱ्या कोल्हापूरच्या एका संस्थेनं वाड्याला डोली दिली होती. दोन हलक्या, दणकट नळ्या, मधे जाड कापड, माणूस बांधायला पट्टे. संस्थेची स्वप्नाली ती बिरोबाच्या देवळात ठेवून गेली. वर्ष झालं, कुणाला लागली नव्हती. कृष्णातच्या मनानं घेतलं, देवळात उंदरं खेळवण्यापरास माझी म्हस तरी कोरडी ऱ्हाईल. नळ्या त्यानं आढ्याला लावल्या, कापड माळ्यावर फेकलं.

आठच दिवसांनी शेजारच्या बायडाबाईची सून क्रांती अडली. दिवस वर आला तरी सुटका होईना. बायका देवळाकडं पळाल्या आणि तशाच बोंबलत माघारी आल्या.

"डोली न्हाय गं! जागा रिकामी हाय!"

"कुत्र्यानं वडली आसंल."

"कुत्रं कशाला नळ्या खातंय, बये?"

सगळा वाडा अंगणात गोळा झाला. कृष्णातच्या घशाशी शब्द आला. तोंड उघडलं असतं तर घटकाभरात नळ्या सुटल्या असत्या. पण समोर एवढे डोळे! "घोंगडं आणा रं!" तोच सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडला. "उगं वेळ घालवू नगासा!"

बांबूला घोंगडं बांधलं. त्यात क्रांतीचं मुटकुळं झालं. वाट म्हणजे नुसता राडा, जळवा पोटऱ्यांवर चढत होत्या. एका उतारावर बांबू हेलकावला आणि तिचा गुडघा कातळावर आपटला. तिनं फोडलेली किंकाळी कृष्णातच्या पाठीतनं आरपार गेली. पुढचं टोक त्याच्याच खांद्यावर होतं. खांदा सोलवटला, पण त्यानं कुणाला खांदा बदलू दिला नाही.

अर्ध्या वाटेवरच्या जांभळीखाली क्रांती बाळंत झाली. आडोसा म्हणून तानाबाईनं आणि बायडाबाईनं पदर धरले. पोरगी झाली. ती रडायला इतका वेळ लागला, की गडी माणसंसुद्धा तोंडं फिरवून उभी राहिली. खाली गाडी मिळाली, दवाखाना गाठला. दोघी जगल्या. क्रांतीच्या गुडघ्याला मात्र पलस्तर पडलं.

घरी आल्यावर बायडाबाईनं कृष्णातच्या पायाला हात लावला. "भावजी, तुमी हुता म्हनून माझी सून वाचली." त्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर बरं, असं त्याला झालं. चार दिवसांनी स्वप्नाली चिखल तुडवत वर आली आणि बायकांपुढं मान खाली घालून म्हणाली, "चूक माझीच हाय, मावशी. मी अधनंमधनं येऊन बघायला पायजे हुतं." कृष्णात भिंतीआड उभा राहून ऐकत होता. त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

आश्विनात ऊन पडलं. संस्थेनं देवळापुढं कार्यक्रम ठेवला. पोरांची वजनं झाली, बायकांची रक्ततपासणी झाली, आणि मग स्वप्नालीनं शाल उलगडली. "कृष्णातकाका, पुढं या. तुमचा सत्कार हाय."

टाळ्या पडल्या. तो उठला, पुढं गेला आणि शाल अंगावर पडायच्या आधीच मागं सरला.

"नगं, पोरी. डोली मीच नेली. नळ्या माझ्या गोठ्याच्या आढ्याला हायती."

टाळ्या जागीच थिजल्या. तानाबाईनं पदर तोंडावर ओढला. पाय लांब करून, पोरीला मांडीवर घेऊन बसलेली क्रांती तेवढी बोलली.

"मग त्या दिवशी का बोलला न्हाईसा, मामा?"

"लाज वाटली, पोरी."

"आणि समद्या वाड्याच्या म्होरं, वाटंवर उघडी पडून बाळंत हुताना मला काय वाटलं आसंल?"

तो तडक गोठ्याकडं गेला. तानाबाईनं मागनं येऊन म्हैस बाहेर काढली. त्यानं तार सोडली तसं अर्धं छप्पर खाली बसलं. नळ्या धुऊन, माळ्यावरचं कापड झटकून त्यानं डोली देवळापुढं आणून जोडली आणि बाजूला उभा राहिला.

"आता तुमीच निजा तीत," क्रांती म्हणाली. "म्हस कोरडी ऱ्हायली, माणूस पेलतंय का बघू दे."

कुणीतरी हसलं. बायडाबाई हसली नाही. "निजा, भावजी," ती म्हणाली.

कृष्णात आडवा झाला. चार बायका पुढं आल्या. पट्टे आवळले, "उचला गं" झालं, आणि डोली वर उठली. डोली मजबूत होती, जराही वाकली नाही. बायकांनी त्याला देवळाभोवती फिरवला, मग घरांच्या ओळीनं, एकेका दारापुढनं. पोरं मागनं चालली होती. कृष्णातनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

पुढचं टोक तानाबाईनं धरलं होतं. मागं न बघताच ती म्हणाली, "डोळं उघडा. समदी वळखीचीच माणसं हायती."