न दिसणारी उजवी बाजू

मित्रांनो, मी एका फ्रेमच्या दुकानाची जुनी वेबसाइट आहे. मी जुनी खुर्ची किंवा जुने घड्याळ असते, तर माझ्यावरची धूळ तुम्हाला दिसली असती आणि कुणाला तरी माझी दया आली असती. माझ्यावर धूळ बसत नाही. म्हणून मी एकटी पडले आहे, हे बराच काळ कुणाच्या लक्षातच आले नाही.

ज्यांच्या दुकानाची मी, त्यांना सारी गल्ली काटकोनकाका म्हणे. कुणाच्याही घरी गेले, तरी भिंतीवरचा तिरका फोटो सरळ केल्याशिवाय ते टेकत नसत. त्यांच्या दुकानात लाकडी पट्ट्यांचे नमुने टांगलेले होते, मधोमध काच कापायचे टेबल होते आणि खिडकीपाशी एक मोठा संगणक होता. वरच्या खोलीत वेबसाइट तयार करणारी एक मुलगी काम करत असे. काकांनी माझे काम तिलाच दिले. ती काय काय हवे ते विचारायला खाली आली, तर काकांनी खिशातून टेप काढला, आपल्या संगणकाच्या पडद्याची लांबी-रुंदी मोजली आणि सांगितले, "या मापात बसव. सूतभरही इकडेतिकडे नको."

"काका, पडदे सगळ्यांचे सारखे नसतात," ती म्हणाली.

"मग ज्याचा वेगळा असेल त्याने दुकानात यावं. चहा मी पाजतो."

ती हसली आणि तिने काकांच्या मनासारखे केले. डावीकडे दुकानाची माहिती, मध्ये फ्रेमांचे फोटो, उजवीकडे पत्ता आणि फोन नंबर. चारही बाजूंना सारखी जागा. मी त्या पडद्यावर अशी बसले, जशी काच खाचेत बसते. काका रोज सकाळी काच पुसायच्या फडक्याने पडदा पुसत आणि मला उघडून ठेवत. लांबलांबची माणसे मला बघून फोन करत. काका अनोळखी माणसालाही सांगत, "घाई करू नका. चांगली काच मिळू दे."

ते माझे सुखाचे दिवस होते.

मग लोकांच्या हाती मोबाइल आले. माझ्याकडे येणारी माणसे कमी झाली नाहीत, पण थांबेनाशी झाली. त्या छोट्या पडद्यावर माझी डावी बाजूच तेवढी दिसे. उजवी बाजू पाहायची तर मला बोटाने ओढावे लागे. ओढले की सुरुवातीचे शब्द निसटत. माणसे दोनदा ओढत, कंटाळत आणि निघून जात. नंबर उजवीकडेच होता. दारापर्यंत येऊन कुणी कडी न वाजवता परत जावे, तसे दिवसभर चाले, आणि काका समोर बसून म्हणत, आजकाल लोकांना फ्रेमची आवडच राहिली नाही. मी त्यांना दिसत होते तशी छान होते. बाहेर मी कशी दिसते, हे सांगायला मला तोंड नव्हते.

सांगत होती ती त्यांची मुलगी. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती. प्रत्येक फोनवर ती वेबसाइट बदलून घ्या म्हणून त्यांच्या मागे लागे, आणि ते विषय बदलून तिच्या जेवणाचे विचारत. एकदा सुटीत तिने आपला मोबाइलच त्यांच्या नाकासमोर धरला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मला पाहिले आणि म्हणाले, "एवढ्यात काय मावणार, बाई? याला चौकट करायची तर चिमट्याने करावी लागेल." तीही हसली. विषय तिथेच राहिला.

आणि मग एका थंडीत काका गेले.

मुलगी आली, तिने शटर उघडले. काच कापायच्या टेबलावर अर्धी कापलेली पट्टी तशीच होती. भिंतीशी काही तयार फ्रेमा पाठ करून उभ्या होत्या. तिने एकेक वळवून पाहिली. मागे पेन्सिलीने फक्त माप लिहिलेले. नाव नाही, पत्ता नाही. काका गिऱ्हाइकाला त्याच्या चौकटीच्या मापावरून ओळखत. ती ओळख त्यांच्याबरोबरच गेली. त्यांतल्या एका फ्रेममध्ये एका तरुण बाईचा फिकट फोटो होता. सायकलला टेकून उभी होती ती, पदर खोचलेला, पुढचे चाक थोडे वळलेले. मुलगी तो हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली.

जागेच्या मालकाला महिनाअखेर दुकान रिकामे हवे होते. त्याआधी प्रत्येक फोटो ज्याचा त्याला मिळावा, एवढेच तिच्या मनात होते. तिने सगळ्या फ्रेमांचे फोटो माझ्यावर डावीपासून उजवीपर्यंत ओळीने टाकून घेतले. वरची मुलगी म्हणाली, "ताई, मोबाइलवर यातले निम्मे दिसणारच नाहीत. मी हिला जरा मोकळी करू का?"

"नको," ती म्हणाली. "बाबांनी मोजून घेतलंय ते."

जी इतकी वर्षे मला बदला म्हणत होती, तीच आता मला कुणाला हात लावू देईना.

डावीकडच्या फोटोंची माणसे आली. उजवीकडच्यांचे कुणी आले नाही. एका दुपारी शटरच्या पायरीवर बसून तिने मला स्वतःच्या मोबाइलवर उघडले. सायकलवाल्या बाईला पाहायला तिने मला ओढले. बाई आली आणि अंगठा उचलताच निसटून गेली. तिने पुन्हा ओढले. मग ती उठली आणि वर गेली.

"कर," ती म्हणाली. "पण शब्द त्यांचेच ठेव."

मला वाटले होते की मला कापतील. तसे झाले नाही. वरच्या मुलीने माझी इंचातली मापे काढली आणि त्या जागी हिस्से लिहिले. पडदा मोठा असेल तर तीन रकाने शेजारी शेजारी, लहान असेल तर तेच एकाखाली एक. फोटो पडद्याइतकाच रुंद. नंबर अंगठ्यापाशी. पहिल्यांदाच मी एका तळहातावर पूर्ण दिसले.

दोन दिवसांनी एक बसचालक आला, गणवेशातच. तो शटर बंद पाहून अनेकदा परत गेला होता. थांब्यावर बस उभी असताना मोबाइलवर मला पाहत होता, आणि आज त्यात त्याला तो फोटो दिसला होता.

"आई आहे माझी," तो म्हणाला. "दुसरा फोटो नाही आमच्याकडे." मग त्याने आत डोकावून विचारले, "काका कुठायत?"

"गेले."

तो फ्रेमच्या कोपऱ्यावरून बोट फिरवत राहिला. म्हणाला, "मला म्हणाले होते, घाई करू नका. चांगली काच मिळू दे."

मुलगी हसली. काका गेल्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते. मग तिने तोंड फिरवले आणि कागदाची गुंडाळी शोधू लागली.

महिनाअखेर दुकान रिकामे झाले. मोठ्या संगणकाची वायर काढली गेली आणि त्या खिडकीतून दिसणारी गल्ली मला कायमची बंद झाली. मुलीने मला मात्र ठेवले. वर तिने एकच ओळ लिहिली आहे, की दुकान आता बंद आहे. अजूनही कुणी बसथांब्यावर, कुणी अंथरुणात मला उघडते. आता मी प्रत्येक हातात नीट मावते. माणसे शेवटच्या ओळीपर्यंत येतात. कुणी नंबर दाबते, तो मुलीकडे वाजतो, आणि ती सांगते की बाबा आता नाहीत. मग पलीकडचा माणूस विचारतो, की फ्रेम दुसरीकडे कुठे चांगली मिळेल. तिला ते सांगता येत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाचे तरी दुकान किंवा दवाखाना माझ्यासारख्या पडद्यावर मांडाल. तेव्हा ते फक्त आपल्या टेबलावरून पाहू नका. थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात ते कसे दिसते, तेही पाहा. आणि लवकर पाहा, आत माणूस बसलेला असतानाच.