बाकावरचं शहर

माझ्या नणंदेने साताऱ्यात माझी जी कीर्ती पसरवली आहे ती खोटी आहे, हे आधीच सांगून टाकते. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिची वहिनी आठवड्यातून तीन दिवस हॉस्पिटलच्या बाकावर बसून नवऱ्यासाठी जप करते. चार-चार तास मान वर करत नाही, पाणी पीत नाही, कुणाशी बोलत नाही. यातलं मान वर न करणं तेवढं खरं आहे.

उमाकांत, माझे यजमान, रडारच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार आम्ही सकाळी साडेसहाला बनशंकरीहून ऑटोने निघतो. सात ते अकरा ते आत डायलिसिसच्या मशीनला जोडलेले असतात आणि मी बाहेर. नातेवाइकांना आत बसू देत नाहीत. दाराला एक काच आहे, तिच्यातून त्यांची खुर्ची दिसते, म्हणजे त्यांनाही माझा बाक दिसतो.

सुरुवातीला मी खरंच स्तोत्रं म्हणून पाहिली. रामरक्षा निम्म्यावर आली की त्यांच्या पोटॅशियमचा आकडा आठवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. मग विणायला घेतलं. नातवाचा स्वेटर इतका चुकला की उसवताना लोकर तुटली. शेवटी नुसती दाराकडे बघत बसायला लागले, आणि ते पाहून रम्याला माझी दया आली.

रम्याचे वडील रघुजीराव आमच्याच वेळेला असतात. त्यांचं घराणं या गावात तीनशे वर्षांचं, त्यामुळे तिचं मराठी माझ्यापेक्षा जुनं आणि निम्मं कानडी.

"अक्का, किती म्हणून त्या दाराला बघता?" तिने माझा फोन मागून घेतला आणि त्यात काहीतरी टाकून परत दिला. "हे स्वल्प बघा. सुम्ने, उगी आपलं, बोट लावा."

"काय आहे?"

"ऊर. म्हणजे आपलं गाव. वरून आग पडती, तुम्ही गाव राखायचं."

"आणि जिंकलं की?"

"जिंकायला होत नाही अक्का. कुणालाच होत नाही. करणाऱ्याने तसंच केलंय."

"मग खेळायचं कशाला, डोंबल?"

"सरी, बरं तर, नका खेळू," म्हणाली आणि कॉफी आणायला गेली. ती परत येईस्तोवर माझी तीन शहरं पडली होती.

खेळाचं इंग्रजी नाव काहीतरी वेगळंच आहे, पण आम्ही दोघी ऊरच म्हणतो. पडद्याच्या तळाशी नऊ इमारतींचं एक छोटं शहर असतं, खिडक्यांत दिवे लागलेले. वरून आगीचे गोळे येतात. अंगठा टेकवाल तिथे तोफ उडते आणि गोळा वाटेतच फुटतो. एक लाट परतवली की तीन वस्तू समोर येतात, त्यांतली एकच घ्यायची: जास्तीची तोफ, नाहीतर भिंत, नाहीतर बंब. मग पुढची लाट, आधीपेक्षा दाट. शेवटची इमारत विझली की सगळं संपतं. मिळवलेलं काही हाती राहत नाही. पुन्हा नवं शहर, वेगळ्या इमारती, पहिली लाट.

मी तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. उत्तर नसलेलं उदाहरण मी फळ्यावर कधी लिहिलं नाही, आणि ज्याचं उत्तर चुकलं त्याला सोडलंही नाही. इथे उत्तरच नव्हतं, आणि मला केवढं हलकं वाटलं! बाहेर सगळे विचारायचे, काय, फरक आहे का? शेजारी विचारायचे, नणंद विचारायची, कोथिंबीर देता देता भाजीवाला विचारायचा. जणू फरक पडत नाही हा माझा नाकर्तेपणा. ऊरमध्ये शहर पडणारच होतं. ते मी पाडलं नव्हतं. मी फक्त ते आणखी थोडा वेळ उभं ठेवत होते, आणि त्या थोड्या वेळात मला दुसरं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

मजा यायची मला. हे लिहितानाही कानकोंडं व्हायला होतं. सोमवारी संध्याकाळपासून मी मंगळवारची वाट बघायला लागले. नवऱ्याचं रक्त बाहेर काढून धुतात, त्या दिवसाची! घरी मी कधी खेळले नाही. तिथे बाकावर खेळायचे, तेही फोन मांडीवर ठेवून वरून ओढणी पसरून, कारण बासष्ट वर्षांच्या बाईने दवाखान्यात बसून गोळे फोडावेत हे बरं दिसत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि मग महिन्यापूर्वीचा तो गुरुवार.

सिस्टरने दार उघडून हाक मारली, "उमाकांत यांच्यासोबत कोण आहे?" मला ऐकू आलं. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. माझी तेरावी लाट चालू होती, आजवर मी बारावीच्या पुढे गेले नव्हते, आणि दोन इमारती शिल्लक होत्या. "आले," असं म्हटलं आणि उठले नाही. तिने पुन्हा हाक मारली. मी लाट संपवली आणि मग उठले. आत त्यांचं बीपी एकदम खाली गेलं होतं. खुर्ची आडवी करून पाय वर केले होते, आणि चेहरा असा पांढरा की मला माझाच माणूस ओळखू येईना. पाच-दहा मिनिटांत त्यांनी डोळे उघडले. सिस्टर मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एक लाट दीड मिनिटाची असते.

त्या शनिवारी मी फोन पर्समधून काढलाच नाही. मंगळवारी काढला.

परवा गुरुवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. पोटॅशियम जावं म्हणून उकडून, पाणी काढून टाकलेला दुधी. उमाकांत दोन घास खाऊन म्हणाले, "विद्या, शनिवारपासून जायचं नाही. मी डॉक्टरांना सांगून आलोय."

जायचं नाही म्हणजे उरले आठ-दहा दिवस, फार तर पंधरा. हे आम्हा दोघांनाही पहिल्या महिन्यातच सांगितलेलं होतं.

"का?" मी विचारलं.

"हे बरं होण्यातलं दुखणं नाही. मशीन ढकलत नेतं, एवढंच. तेही मी सोसलं असतं. पण आज काचेतून तुझ्याकडे बघत होतो. ओढणीखाली हात हलतोय, ओठ पुटपुटतायत, मान खाली. आई अशीच गोमुखीत हात घालून माळ ओढायची, कुणाला दिसू नये म्हणून. चार तास तू हलली नाहीस. मला बघवत नाही गं ते. माझ्यापायी तुझं उरलेलं आयुष्य त्या बाकावर जावं, हे मला नको."

ओठ पुटपुटत होते हे खरं. 'ये मेल्या, ये, तुला दाखवते' असं मी एका गोळ्याला म्हणत होते.

आधी मी इतर सगळं करून पाहिलं. रडले. चिडले. क्षितिजला, आमच्या मुलाला, आत्ताच्या आत्ता हेब्बाळहून बोलावते म्हणाले. मला जराही त्रास होत नाही अशी देवाशपथ घेतली, तर म्हणाले, "देवाला आता सोड, खूप झालं त्याचं." हा माणूस माझ्या भक्तीसाठी मरायला निघाला होता, आणि ती भक्ती माझ्यापाशी नव्हती. मी फोन उघडून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"मी जप करत नाही," मी म्हणाले. "हे खेळते."

त्यांनी चष्मा पुसला. मी तिथेच, उजवा हात उष्टा म्हणून डाव्या अंगठ्याने, एक डाव खेळून दाखवला. सातव्या लाटेला शहर पडलं.

"पडलं," ते म्हणाले.

"पडतंच."

"नेहमी?"

"नेहमी. मग नवं घ्यायचं."

"आणि तुला हे आवडतं."

"आवडतं. तुम्ही आत असता, तुमच्याकडे बघायला तिथे माणसं असतात, आणि मला चार तास कुणी काही विचारत नाही. मला त्रास नाही हो तिथे, उलट मी वाट बघते. लाज सोडून सांगते, ते बंद करू नका. तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी म्हणतेय."

त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "माझं बीपी पडलं होतं तेव्हाही?"

इथे खोटं बोलता आलं असतं. ते मानलेही असते.

"तेव्हाही. सिस्टरने दोनदा हाक मारली. मी लाट संपवून आले. दीड मिनिट."

त्यांनी चमचा खाली ठेवला. हात धुतले आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसले. ओरडले नाहीत. कारखान्यात कुणी चाचणी न करताच कागदावर सही केली की ते घरी येऊन असे गप्प बसायचे. मी ताटं उचलली, ओटा पुसला, पुसलेला पुन्हा पुसला. माझ्यासाठी मरायला निघालेल्या माणसाला मी माझ्यासाठी जगायचंही कारण ठेवलं नाही, असं मला वाटत होतं.

पाऊण तासाने त्यांनी हाक मारली. मी फडकं हातात घेऊनच धावले.

"तुझा त्यातला सगळ्यात मोठा आकडा किती?"

"एकतीस हजार चारशे साठ." प्रश्न पुरता संपायच्या आत माझ्या तोंडून गेलं.

"आणि माझी आजवर किती डायलिसिस झाली?"

आठवड्याला तीन, महिने वीस. गुणाकार मला येतो. पण त्यांनी गुणाकार विचारला नव्हता. मला माहीत नव्हतं. हातातलं फडकं मी डोळ्यांना लावलं.

"दोनशे एकसष्ट," उमाकांत म्हणाले. "दर वेळी सुई टोचली की मोजतो. मध्ये एकही चुकलेलं नाही. तुझ्या लाटा, तशा माझ्या या."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईपर्यंत ते थांबले.

"शनिवारी दोनशे बासष्टावं," ते म्हणाले. "साडेपाचला उठव."