वजाबाकीत गेलेला कूलर

मित्रांनो, जवळ येण्याआधी पायात चप्पल घाला. मी जुना लोखंडी कूलर आहे, ओल्या फरशीवर उभा असलो की कधी झटका देईन याचा नेम नाही. आणि हसू नका. तुमच्या घरातले ते पांढरे एसी माझ्यापुढे कालची पोरं आहेत.

माझा जन्म नागपुरातल्या लकडगंजचा. तिथे लाकूड कापायच्या आरामशीनच्या शेजारी रंभाबाईंचं कूलरचं दुकान आहे. त्यांचे यजमान मारोतराव यांनी माझा पत्रा कापला, वाकवला, ठोकला. आरामशीनवरून आणलेलं लाकडाचं केसासारखं बारीक गवत रंभाबाईंनी स्वतः माझ्या तिन्ही जाळ्यांत दाबून भरलं. पुढे मारोतराव गेले आणि दुकान बाईंनी चालवलं. बाईंची शाळा दुसरीतच सुटली, जिभेला मात्र कोणी कधी सुट्टी दिली नाही.

मला एका सरकारी दवाखान्यात नेलं. कोणत्या, ते सांगत नाही. पुरुषांच्या वॉर्डाच्या खिडकीत मी उभा राहिलो. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू! माझ्यासमोरची खाट मिळावी म्हणून पेशंट प्रेमिला सिस्टरची मनधरणी करायचे. होळी झाली की बाईंची माणसं येत, गवत बदलत, गंज खरवडून टाकीला आतून डांबर लावत. हिवाळ्यात मात्र मला कोणी विचारत नसे. माझ्यावर ओल्या चादरी वाळत घालत. मी म्हणायचो, घाला बापा, मे महिन्यात याल पुन्हा पाया पडत.

यंदा होळी झाली, पण कोणी आलं नाही.

सरकारने निविदा काढली होती. पाच उन्हाळे दवाखाना गार ठेवायला ज्याचा खर्च सगळ्यांत कमी, त्याला काम, असं तीत लिहिलं होतं. रंभाबाईंनी आम्हा जुन्यांची पाचही उन्हाळ्यांची दुरुस्ती लिहून दिली. बाहेरच्या एका कंपनीने नवे प्लास्टिकचे कूलर देऊ केले आणि जुने भंगारात घेतो म्हणून सांगितलं. मग समितीचे साहेब हिशोबाला बसले. कंपनीच्या कूलरची त्यांनी फक्त खरेदी धरली. पुढच्या चार उन्हाळ्यांचं गवत, पंप, मोटर काहीच धरलं नाही. वरून आमच्या भंगाराची किंमत त्यातून वजा केली. मी खिडकीत धडधाकट उभा होतो, आणि तिकडे कागदावर वजाबाकीत गेलो. कंपनी स्वस्त ठरली.

आम्हाला ओढत मागच्या आवारात नेऊन टाकलं. बातमी कळताच रंभाबाई सुनेला, दीपमालाला, घेऊन आल्या. स्टोअर सांभाळणारे मनोहरराव समोरच सापडले.

"काहून जी मनोहरराव, जित्या माणसाले मसणात नेऊन टाकता का?"

"वरून हुकूम आहे बाई. कंपनी उचलून नेणार आहे."

"आणि नवे?"

"येऊन राहिले."

"येऊन राहिले म्हणे! वरात आहे का ते?"

माझ्याच शेजारी ओट्यावर बसून बाईंनी हरकत लिहायला घेतली. म्हणजे लिहीत होती दीपमाला.

"लिही. तुमच्याच कागदात पाच उन्हाळे आहेत, मग मोजताना एकच काहून मोजला? बाकीच्या चार वर्षी सूर्य रजेवर जाणार आहे का?"

"आई, सरकारले असं नाही लिहीत."

"मग सूर्य काढून टाक. प्रश्न राहू दे."

हरकत दाखल झाली. निकाल लागेपर्यंत कंपनीचं काम थांबवा, असा हुकूम निघाला. बाई मान ताठ करून फाटकाबाहेर पडल्या. मला मात्र आवारातून वॉर्डाची खिडकी दिसत होती. माझ्या जागी चौकट रिकामी होती, तिला पुठ्ठा लावलेला. जुने बाहेर काढलेले, नवे अडकलेले, आणि एप्रिल संपत आलेला. हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं का?

मे लागला. माझा पत्रा इतका तापायचा की कावळा टेकला की लगेच उडे. दुपारी आवारात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. वॉर्डातला छताचा पंखा गरम हवाच ढवळत बसे. मग नवतपा लागला, मे अखेरचे सगळ्यांत तापलेले नऊ दिवस. सावनेरहून आणलेले एक आजोबा खिडकीजवळच्या खाटेवर होते. त्यांची लेक ओल्या पंच्याने त्यांना दिवसभर वारा घालायची. एके सकाळी पाहतो तर पंचा खिडकीच्या गजावर वाळत होता, आणि खाटेवरची गादी उलटी करून ठेवली होती.

कोणी रडल्याचा आवाज आला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी रंभाबाई सुनेसोबत निकालाची चौकशी करायला आल्या. प्रेमिला सिस्टरने त्यांना आवारातच गाठलं.

"बाई, तुमचं भांडण बरोबर असन. पण एकदा वॉर्डात येऊन जा."

बाई आत गेल्या. बाहेर आल्या. पदराने कपाळ पुसलं आणि त्या सुनेला म्हणाल्या, "टेम्पो बोलाव. गवत, पंप, सगळं आणव."

"आई, आपल्याजवळ ऑर्डर नाही. हरकत चालू आहे अजून."

"चालू राहू दे न. माणसं पण चालू राहिली पाहिजेत."

मनोहरराव धावत आले. "बाई, सरकारी मालाले असा हात लावता येत नाही!"

"मग तुम्ही तोंड तिकडे करून उभे राहा."

आणि मनोहरराव खरंच तोंड फिरवून उभे राहिले. संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे आपापल्या खिडकीत होतो. नव्या गवतावरून पाणी ओघळलं, मोटर घरघरली, आणि वॉर्डात ओल्या लाकडाचा वास पसरला. एका खाटेवरून कोणीतरी म्हणालं, "आलं बाप्पा आपलं माणूस."

पुढच्या आठवड्यात समितीचे साहेब पाहणीला आले. माझ्यासमोर उभं राहून त्यांनी शर्टाची वरची गुंडी सोडली, छाती गार करून घेतली आणि निघून गेले.

मग निकाल आला. मनोहररावांनी तो बाईंना आणि दीपमालाला वॉर्डातच वाचून दाखवला. हरकत मान्य. पाच उन्हाळे मोजले, तर कंपनी महाग पडते. तिचं काम रद्द.

"पाहा!" बाई म्हणाल्या. "वाचा, पुढं वाचा."

मनोहररावांनी चष्मा वर सारला. आवाज खाली गेला. "पाहणीत जुने कूलर चालू स्थितीत आढळले. सबब दुरुस्तीची आवश्यकता नाही. दुरुस्तीचा खर्च निरंक. निविदा रद्द करण्यात येत आहे."

"निरंक म्हणजे?"

"काहीच नाही, बाई."

दीपमालाचे डोळे भरले. "काढून घेऊ आई आपलं गवत. आत्ताच्या आत्ता!"

रंभाबाईंनी माझ्या जाळीच्या कडीला हात घातला. मी थरथरत होतो. मोटरनेच, असं समजा. आजोबांच्या खाटेवर आता दुसरा पेशंट होता. तोंड उघडं टाकून तो गाढ झोपला होता, कपाळावरचा घाम सुकला होता. बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कडी पुन्हा घट्ट बसवली.

"राहू दे वं. झोपला आहे तो."

त्या गेल्या. पुन्हा आल्या नाहीत, आणि त्यांना बोलवायला आता कोणाकडे कामाचा कागदही नाही.

मित्रांनो, कूलरचं गवत एकाच उन्हाळ्याचं असतं. दुसऱ्या वर्षी ते कुजतं, त्यातून पाणी उतरत नाही, आणि पंखा फेकतो ती नुसती झळ. हे माणसानं लक्षात ठेवायचं असतं, कारण आम्हाला अर्ज करता येत नाही. तुमच्या घरी, शाळेत, दवाखान्यात एखादी वस्तू गुपचूप चालत असली, तर ती आपोआप चालते असं समजू नका. तिच्यामागे कोणाचा तरी हात असतो. त्या हातापुढे निरंक लिहू नका, एवढंच माझं मागणं आहे.

आता पाऊस येईल, मग थंडी. माझ्यावर चादरी वाळतील. यंदा टाकीला डांबर लागलं नाही, घाईत ते राहूनच गेलं. तळाशी एका जागी पत्रा पापडासारखा झाला आहे आणि कालपासून तिथून पाणी ठिबकतं. मनोहररावांनी ते पाहिलं. त्यांनी खाली एक बादली आणून ठेवली.